लाकडी अंगाच्या गाड्या

वऱ्हाडातली बंडी वर्षभर एकाच रूपात कधी राहिली नाही. उन्हाळ्यात शेणखत वाहायचं असलं की दोन्ही बाजूंना तट्टे उभे राहत. कापूस वेचून झाला की उंच कठडे बांधून, पायांनी तुडवून तुडवून तो भरला जाई आणि गाडी अमरावतीच्या नाहीतर अकोल्याच्या बाजाराची वाट धरी. रिद्धपूरला दर्शनाला जायचं, बहिरमची जत्रा गाठायची, किंवा बडनेरा-मूर्तिजापूरच्या स्टेशनावर उतरणारे पाहुणे आणायचे ठरले, की खाली कडबा, त्यावर सतरंजी, वर बांबूच्या कमानी आणि कमानींवर ताडपत्री. घर सुखवस्तू असेल तर या कामाला वेगळी दमणी असे. हलक्या चाकांची, छताची, आत घरची माणसं आणि त्यांच्या ट्रंका मावतील एवढी.

माणसं आणि सामान एकाच छताखाली नेणारी, गरजेप्रमाणे आतून बदलता येणारी गाडी. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या मोटारीला स्टेशन वॅगन म्हणू लागले, तिचं कामही हेच होतं. रेल्वे स्टेशनवर उतरलेले पाहुणे आणि त्यांच्या पेट्या हॉटेलात किंवा घरी पोचवायच्या. म्हणून तिची बैठक लांब, मागचा भाग चौकोनी, आणि अंग लाकडाचं. पत्र्याला आकार देण्याचे मोठे साचे तेव्हा महाग होते. लाकडी सांगाडा कुठलाही कसबी सुतार उभा करू शकत होता. १९२९ मध्ये फोर्डने आपल्या मॉडेल ए मोटारीची स्टेशन वॅगन बाजारात आणली. पुढे फोर्डने मिशिगन राज्याच्या उत्तर भागातल्या स्वतःच्या जंगलातलं लाकूड आयर्न माउंटनच्या कारखान्यात कापून वॅगनची अंगं तिथेच बांधायला सुरुवात केली. चौकटीला मेपल, मधल्या फळ्यांना बर्च. कारखान्यात उरलेल्या ढलप्यांचा आणि भुशाचा कोळसा करून तोही विकला जाई. पुढे किंग्जफर्ड या नावाने अमेरिकेच्या घराघरांतल्या शेगडीत गेलेला कोळसा तो हाच.

या गाड्या देखण्या होत्या आणि त्यांच्या मालकांना त्या स्वस्थ बसू देत नसत. दरवर्षी लाकूड घासून त्यावर नव्याने वॉर्निश चढवावं लागे. तेवढं चुकलं की पाणी सांध्यात शिरे, सांधे कुरकुरू लागत, दारं खाली बसत. बंडीच्या मालकालाही हे सगळं ठाऊक होतं, फक्त त्याचा त्रास उलट ऋतूत यायचा.

वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. अकोल्याचा उन्हाळा तर महाराष्ट्रभर प्रसिद्ध. या कोरड्या तापात बाभळीच्या चाकातलं उरलंसुरलं पाणी उडून जातं, लाकूड आकसतं आणि चाकाभोवतीची लोखंडी धाव सैल होते. मग चाकं काढून नाल्यात, विहिरीच्या थाळ्यात भिजत घालायची, म्हणजे लाकूड फुगून धावेला पुन्हा घट्ट धरतं. तेवढ्यानं भागलं नाही तर लोहाराकडे. धाव काढून, तिचा घेर किंचित कमी करून, गोवऱ्यांच्या गोल आरात ती लालबुंद होईपर्यंत तापवायची. तापली की ती वाढते. दोघातिघांनी लांब सांडशींनी धरून ती जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर बसवायची, घणाचे टोले देत सगळीकडून सारखी करायची, आणि लाकूड पेट घ्यायच्या आत भोवती पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, लोखंड आवळत जातं, आणि आरे तुंब्यात व पुठ्ठ्यात करकर वाजत आपापल्या जागी दाबून बसतात. एकही खिळा नाही, डिंक नाही. लाकूड कधी आकसतं, लोखंड कधी फुगतं, एवढ्या ज्ञानावर ते चाक पुढची काही वर्षं काळ्या मातीतून पऱ्हाटी, तूर, संत्री वाहतं. हे ज्ञान सुतार आणि लोहार दोघांत वाटलेलं असे. एकट्याला ते पुरं पडत नसे.

सुताराचा हा हात पुढे मोटारीतही दिसला. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. किसन राऊत चालक, लक्ष्मण केवटे वाहक, आणि भाडं मैलाला नऊ पैसे. त्या बेडफर्ड गाडीचं अंगही लाकडाचंच होतं, वरती कॅनव्हासचं छत, आत काथ्याच्या बैठका. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांतात होता, तो मुंबई राज्यात आला १९५६ साली. तोवर एसटीच्या कारखान्यांत लाकूड मागे पडून धातूचे पत्रे येऊ लागले होते. पण सुरुवातीच्या त्या काळात महाराष्ट्रातल्या सार्वजनिक प्रवासाचा भार सुताराच्या सांध्यांवर उभा होता, हे मोटारींच्या इतिहासात कुणी फारसं सांगत नाही. सांगायला हवं.

विलायतेत लाकडाने मोटारीचा पिच्छा आणखी बरीच वर्षं पुरवला. आपल्याकडच्या लँडमास्टरचं आणि पुढे अ‍ॅम्बेसिडरचं मूळ ज्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये आहे, तिच्या कुळात ‘ट्रॅव्हलर’ नावाची वॅगन होती. पुढचा भाग पत्र्याचा, मागची चौकट उघड्या लाकडाची. धाकटी मॉरिस मायनर ट्रॅव्हलर १९५३ पासून १९७१ पर्यंत निघत राहिली. तिच्या मागच्या भागातली अ‍ॅश लाकडाची चौकट शोभेची नव्हती, छत आणि बाजू तिनेच तोलून धरलेल्या. म्हणून इंग्लंडमध्ये २०१८ पर्यंत, अशा जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणी सक्तीची होती तोवर, ही गाडी तपासणीला गेली की तपासनीस लाकूड टोचून पाहत असे. ते कुजलेलं निघालं तर गाडी नापास होई. लाकडाची अशी गंभीर दखल घेणारी तपासणी पाहिली की त्या गाडीबद्दल आदर वाटतो.

अमेरिकेने दुसरा रस्ता धरला. १९४६ मध्ये विलीज कंपनीने जीपची स्टेशन वॅगन काढली. रचना ब्रूक्स स्टीव्हन्स यांची, अंग संपूर्ण पोलादाचं. पण गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत लाकडी वॅगन इतकी ठसलेली होती, की पोलादाच्या बाजूंवर चौकटी उठवून त्या लाकडाच्या रंगांत रंगवल्या गेल्या. खरं लाकूड गेलं आणि त्याची आठवण रंगात राहिली. नंतर रंगाच्या जागी लाकडाच्या रेषा छापलेलं विनाइल आलं. फोर्डची कंट्री स्क्वायर १९५० मध्ये खऱ्या लाकडाच्या चौकटी घेऊन आली, काही वर्षांत तिच्यावरचं लाकूड नकली झालं, आणि त्याच रूपात ती १९९१ पर्यंत विकली गेली. जीपची ग्रँड वॅगनियर, तीही बाजूंवर लाकडी छाप मिरवत, त्याच साली थांबली. या नकली लाकडाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. पण चाळीस वर्षं लोक ज्या गोष्टीला पैसे मोजत राहिले, तिच्यात काहीतरी खरं असणारच. पत्र्याच्या गाडीत त्यांना घराचा उंबरा हवा होता.

त्याच विलीजची जीप आपल्याकडे महिंद्रांनी आणली. १९४५ साली स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीने १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी सुरू केली. वऱ्हाडातल्या रस्त्यांनी या गाडीला लगेच आपलंसं केलं, कारण पावसाळ्यात इथली काळी माती चाकाला धरून ठेवते आणि जीपची चारही चाकं ओढतात. जीप इथे आली आणि तिचं बंडीसारखंच झालं. संत्र्याच्या हंगामात मागच्या बाका काढून तिथे कॅरेट, लग्नसराईत पुन्हा बाका, वर ताडपत्रीचा टप किंवा गावातल्या बॉडीवाल्याने ठोकलेलं पत्र्याचं घर, त्यावर कॅरिअर. पुढे काळी-पिवळीने मोर्शी, चांदूरबाजार, परतवाडा, दर्यापूर या गावांना खेड्यांशी जोडलं ते याच परंपरेतून. दोन बाका समोरासमोर, मधे भाजीची टोपली आणि टपावर पोती. सोयीप्रमाणे बदल करण्याची ही सवय इथल्या शेतकऱ्याने परदेशी पुस्तकातून उचललेली नाही.

खरीखुरी स्टेशन वॅगन महाराष्ट्रात घडली ती १९९२ साली. टेल्कोने आपल्या टाटामोबाइल पिकअपच्या पायावर, आधी सिएरा आणि मग टाटा इस्टेट, अशा दोन गाड्या पुण्याच्या कारखान्यातून काढल्या. इस्टेटला लांब छत, मागे भलीमोठी डिकी, डिझेल इंजिन, बटणावर वरखाली होणाऱ्या काचा. त्या काळात हे सगळं एका देशी गाडीत मिळणं ही मोठी गोष्ट होती. गाडी फार खपली नाही आणि दशकभराच्या आत बंद झाली. आपल्याला मग सुमो आवडली. पण इस्टेटचा बांधा आजही पाहावा असा आहे, आणि ज्यांनी ती जपली आहे ते तिच्यावर जीव टाकतात.

रिद्धपुरात किंवा जवळच्या एखाद्या गावी, संत्र्याच्या बागेशेजारच्या शेडमध्ये अशी एक इस्टेट उभी आहे असं धरून चालू. मालकाला तिच्या अंगावर लाकूड हवं आहे. डॅशबोर्डवर, दारांच्या आतल्या बाजूंना, आणि जमलं तर बाहेरही. हौस रास्त आहे. प्रश्न एवढाच, की लाकूड कुठलं आणि ते टिकणार कसं?

बाहेरच्या बाजूसाठी विनाइलच बरं. मात्र ते मे महिन्यात लावायला घेऊ नये. उन्हात तापलेल्या पत्र्यावर त्याचा डिंक टेकताक्षणी धरतो, सुरकुती पडली की निघत नाही. दिवाळीनंतरची सकाळ या कामाला उत्तम. आधी पत्र्यावरचा गंज पूर्ण काढायचा, लांबी भरून घासायची, रंग मारून तो नीट वाळू द्यायचा. गंजावर विनाइल चिकटवलं तर तो गंज आतल्या आत पत्रा खात राहतो आणि मालकाला ते दोन पावसाळ्यांनी कळतं. साबणाचं पाणी, मग पुसणी, मग मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढायची. कडांवर आणि दाराच्या वळणावर गरम हवेचा झोत देऊन ते आत दुमडायचं. वऱ्हाडातलं ऊन कडेपासूनच सुरुवात करतं, म्हणून सगळी कसोटी कडांची. गाडी सावलीत ठेवली नाही तर लाकडाच्या रेषा काही वर्षांत पांढुरक्या पडतात. मग सोलून नवं लावावं. जुन्यावर नवं कधी नाही.

आतल्या भागासाठी मात्र खरं लाकूड घ्यावं. आणि ते मिळवायला रिद्धपूरहून फार लांब जायला नको. मेळघाटच्या पायथ्याशी परतवाड्याला वनखात्याचं लाकूड लिलावात निघतं, तिथल्या सागवानाचं नाव सगळ्या विदर्भात आहे. साग उगाच नावाजलेला नाही. त्याच्या अंगात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे तो ऋतूप्रमाणे कमी हलतो आणि उधई त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण तेच तेल वॉर्निशला धरू देत नाही. म्हणून पहिला हात देण्यापूर्वी सागाचा पृष्ठभाग थिनरने पुसून घ्यावा लागतो. ही साधी गोष्ट वगळली की सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात आणि दोष लाकडाला लागतो.

जुनं लाकूड दुरुस्त करायचं असेल तर घाई चालत नाही. टोकदार आरीने टोचून कुजका भाग किती खोल आहे ते आधी पाहायचं. जिथे आरी सहज शिरते तिथपासून आणखी बोटभर मागे, निरोगी लाकडापर्यंत, तिरका काप घ्यायचा आणि त्याच उताराचा नवा तुकडा त्याच दिशेच्या रेषांनी जोडायचा. सरळ काप दिसायला सुबक, पण ताणाला उघडतो. तिरक्याला चिकटायला जागा जास्त मिळते. स्क्रूभोवती काळे डाग दिसतील. लाकडातलं टॅनिन आणि ओल्या लोखंडाचा गंज यांच्या संयोगातून ते होतात. ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ पाण्याने ते फिके पडतात, मात्र हातमोजे घालून काम करावं आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवावं. पुन्हा तोच त्रास नको असेल तर लोखंडी स्क्रू टाकून पितळी बसवावेत. फळीची टोकं, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तिथे वॉर्निशचे दोन हात जास्त. पाणी पितं ते टोकच. बाकी पृष्ठभागावर पातळ पातळ पाच-सहा हात, प्रत्येक वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासून. एकच जाड हात देण्याचा मोह होतो. तो टाळावा.

विदर्भात जवस मुबलक पिकायचा, अजूनही पिकतो. त्याचं तेल हवेत वाळून चिवट पापुद्रा धरतं, म्हणून युरोपातल्या जुन्या वॉर्निशचा तोच पाया होता. डॅशबोर्डच्या सागाला पहिल्या दोन हातांसाठी जवसाचं उकळलेलं तेल फार सुंदर रंग देतं. बाहेर उघड्यावर मात्र ते एकटं वापरू नये. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते आणि ते काळवंडतं. आणि एक गोष्ट गॅरेजमध्ये प्रत्येकाला बजावून सांगावी अशी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता सोडतं, ती बोळ्यात कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

इतके तुकडे बदलल्यावर गाडी जुनी राहते का, हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारतंच. रिद्धपुरात या प्रश्नाला वेगळं वजन आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात इथेच लीळाचरित्र सिद्ध केलं. खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, आणि महानुभाव शिष्यांनी आपल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. हिराइसेचा पाठ, पिढीपाठ, असे तिचे वेगवेगळे पाठ झाले. शब्द कुठे कुठे हलले असतील, पण लीळा टिकल्या, कारण त्या ज्यांना मुखोद्गत होत्या त्यांनी त्यात मनाची भर घालणं टाळलं. ग्रंथ आणि गाडी यांची बरोबरी करायची नाही, पण दुरुस्तीचं तत्त्व तिथून घेता येतं. जे गेलं ते मुळाबरहुकूम भरायचं. नवं काही जोडायचं तर ते नवं म्हणून कळेल असं, आणि मूळ न तोडता काढता येईल असं. सागाची पट्टी डॅशबोर्डवर स्क्रूने बसवावी, डॅशबोर्ड कापून नव्हे. काढलेला मूळ प्लॅस्टिकचा तुकडा भंगारात न देता गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवावा.

कायद्याचाही कल इकडेच आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. आतल्या सजावटीला त्याने फारसा धक्का लागत नाही, पण छत कापणं, चेसिस लांबवणं, इंजिन परस्पर बदलणं हे धंदे त्यात बसत नाहीत. बाहेरचं रूप विनाइलने इतकं बदललं की नोंदीतला रंग जुळेनासा झाला, तर आधी आरटीओत जाऊन विचारावं. आणि जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद दिली आहे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याने वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असेल तर ही नोंद मिळत नाही. आज हौसेने कापलेला पत्रा उद्या हा मान घालवू शकतो.

सर्वात दुर्मिळ होत चाललंय ते मात्र लाकूडही नाही आणि सुटे भागही नाहीत. परतवाड्यात साग मिळेल, पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात इस्टेटचा दिवाही मिळून जाईल. पण चाक भिजवावं की धाव उतरवावी हे नुसत्या आवाजावरून सांगणारा सुतार आता प्रत्येक गावात नाही, आणि त्याच्या मुलाने फर्निचरचं दुकान टाकलं असेल तर त्यात त्याची चूक नाही. तळेगाव दशासरसारख्या ठिकाणी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने हलक्या गाड्या अजून बांधल्या जातात, तिथे हा हात टिकून आहे. अशा माणसाला जुन्या जीपच्या लाकडी फळ्यांचं, इस्टेटच्या डॅशबोर्डचं, आजोबांच्या दमणीच्या छताचं काम द्यावं. मजुरी नीट द्यावी, आणि गॅरेजमधल्या एखाद्या पोराला त्याच्या शेजारी बसवावं.

ज्यांच्या गोठ्यात, शेडमध्ये, वाड्याच्या मागच्या अंगणात अशी गाडी उभी असेल त्यांनी सर्वात आधी तिचं आरसी बुक शोधावं. खासगी गाडीची नोंद पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. अमरावतीकरांसाठी ते एमएच-२७ च्या कार्यालयात, अकोलेकरांसाठी एमएच-३० च्या. मग गाडीखालची माती खरवडून, चाकांखाली विटा देऊन उधईची वाट तोडावी, आणि लाकडाचं काम मृग लागायच्या आत पुरं करावं. १९९२ च्या टाटा इस्टेटला व्हिंटेजचा मान २०४२ साली मिळेल. तोवर ती मूळ रूपात ठेवणं मालकाच्या हातात आहे.